चोवीस रिक्षा, एक डीपी आणि पाण्याचा दिवस

फोनवर अण्णा एवढंच म्हणाले, "ब्रेकर पडतोय. मोठा बसवून द्या." मी परवानाधारक विद्युत ठेकेदार. आठवड्यात असे चार फोन येतात आणि चारपैकी तीन ठिकाणी मोठा ब्रेकर बसवणं हेच सगळ्यात घातक काम असतं. त्यामुळे हो-नाही काही न बोलता टाँग टेस्टर, म्हणजे तारेतला करंट मोजायचा चिमटा, घेतला आणि गेलो.

जागा सोलापूरच्या मार्केट यार्डाच्या मागच्या अंगाला, हैदराबाद रोडवरून आत वळणाऱ्या एका गल्लीत. पत्र्याची शेड, पूर्वीचं सुताचं गोडाऊन. आता तिथे रात्री चोवीस इलेक्ट्रिक रिक्षा उभ्या राहतात. पार्किंग आणि चार्जिंग मिळून गाडीमागे रोजची ठरावीक रक्कम अण्णा घेतात. गाड्या सगळ्या लिथियम बॅटरीच्या, साडेसात युनिटच्या आसपास क्षमतेच्या. चार्जर गाडीसोबतच येतो आणि साध्या सोळा अँपिअरच्या सॉकेटला लागतो. ओढतो साधारण २ किलोवॅट. पूर्ण रिकामी गाडी भरायला पावणेचार तास. पण रोज कोणी पूर्ण रिकामी करून आणत नाही. सरासरी साडेसहा युनिट, म्हणजे सव्वातीन तास.

कनेक्शन थ्री फेज, म्हणजे वीज आणणाऱ्या तीन तारा (लाल, पिवळी, निळी) आणि परतीची एक न्यूट्रल. मंजूर भार ५० किलोवॅट. चोवीस दुणे अठ्ठेचाळीस. कागदावर सगळं बसतं, आणि याच गणितावर विसंबून अण्णांनी शेड भरली होती.

तक्रार अशी की काही संध्याकाळी, साधारण पावणेनऊच्या सुमाराला, मेन ब्रेकर पडतो. चोवीसही गाड्या एकदम बंद. राखणदार उचलतो, वीसेक मिनिटांत पुन्हा पडतो. रोज मात्र पडत नाही. चार-पाच दिवस शांत जातात, मग एक दिवस हा तमाशा. ब्रेकर एकदा बदलून झाला होता. एका नव्या रिक्षाच्या चार्जरवर संशय घेऊन ती गाडी दोन रात्री बाहेर ठेवून झाली होती. एकाने तर मुख्य पेटीला लिंबू-मिरची बांधली होती, ती मी काढली नाही. तापमान मोजायला मध्ये येत होती म्हणून फक्त बाजूला सरकवली.

पहिल्या दोन संध्याकाळी ब्रेकर पडलाच नाही, पण मोजमापात जे दिसलं ते पुरेसं होतं. लाल फेजवर १२७ अँपिअर, पिवळ्यावर ५५, निळ्यावर ३६. न्यूट्रलमधून ८३. भार सारखा वाटला असता तर प्रत्येक फेजवर बहात्तरेक यायला हवे होते आणि न्यूट्रल जवळजवळ रिकामा राहायला हवा होता. झालं होतं असं, की मागच्या भिंतीला आधी चौदा सॉकेट लागले, ते सगळे एकाच फेजवर. गाड्या वाढल्या तशी डावीकडे सहा, मग दाराजवळ चार. वायरमनने ज्या तारेला हात पोचला तिथून टॅपिंग घेतलं. फेज मोजायला कोणी सांगितलंच नव्हतं, त्यामुळे दोष त्याला तरी कसा द्यायचा.

पेटी उघडली. लाल फेजच्या लगजवळ, म्हणजे तार पेटीत कसतात त्या टोकाजवळ, केबलची साल चॉकलेटी झालेली, बोटाने दाबली तर तुकडा पडला. केबल ३५ चौरस मिलिमीटरची, अ‍ॅल्युमिनियमची, साडेतीन कोअर. साडेतीन कोअर म्हणजे तीन तारा पूर्ण जाडीच्या आणि न्यूट्रल साधारण निम्म्या जाडीचा. ७२ अँपिअरला ही केबल चांगली. १२७ ला नाही, आणि त्या बारीक न्यूट्रलला ८३ तर अजिबात नाही. अण्णांच्या म्हणण्याप्रमाणे १०० चा ब्रेकर काढून १६० चा बसवला असता, तर ब्रेकर पडायचा थांबला असता आणि केबल जळायला लागली असती. ब्रेकर बिचारा आपलं काम चोख करत होता.

पण मग तो रोज का पडत नव्हता? १०० च्या ब्रेकरमधून १२७ जातात ते रोजच जातात.

याचं उत्तर मला मीटरने दिलं नाही. स्टेशनवर रिक्षा लावणाऱ्या एका वयस्कर मामांनी दिलं. ते रोजचा धंदा खिशातल्या वहीत लिहितात आणि ज्या दिवशी घरी पाणी येतं त्या दिवसापुढे छोटा टिंब काढतात, कारण त्या दिवशी पिंप भरायला त्यांना लवकर घरी पोचावं लागतं. "पाणी आलं की आपलं मशीन पडतंय बघा साहेब," ते म्हणाले. मी हसण्यावारी नेलं. मग वही बघितली. गेल्या महिन्याभरात ब्रेकर पडल्याचे जेवढे दिवस राखणदाराला आठवत होते, त्या प्रत्येक दिवसापुढे टिंब होता.

सोलापूरकराला हे समजावून सांगायची गरज नाही. आपल्याकडे नळाला पाणी रोज येत नाही, काही दिवसांआड येतं, आणि ज्या भागात येतं तिथे त्या दोन-तीन तासांत प्रत्येक घरातली मोटार चालू होते. अर्धा एचपीची मोटार, शंभरेक घरं, एकच डीपी, म्हणजे त्या भागाचा ट्रान्सफॉर्मर. तिसऱ्या वेळी मी मुद्दाम पाण्याच्या संध्याकाळी गेलो. एरवी २२७ व्होल्ट दाखवणारा लाल फेज १९६ वर आला होता.

इथे खरी मेख आहे. जुना बल्ब व्होल्टेज पडलं की मिणमिणतो, म्हणजे कमी वीज ओढतो. तारेवर उपकारच करतो. बॅटरीचा चार्जर तसा नाही. त्याला आपले २ किलोवॅट हवेच असतात. व्होल्टेज कमी झालं की तो तेवढा जास्त करंट ओढतो. २२७ व्होल्टला जो पावणेनऊ-नऊ अँपिअर घेतो, तोच १९६ ला सव्वादहा घेतो. चौदा चार्जर म्हणजे १२७ चे १४३. करंट वाढला की तारेत व्होल्टेज आणखी पडतं, ते पडलं की चार्जर आणखी ओढतात. १०० चा ब्रेकर १२७ वर काठावर तग धरतो. १४३ वर, दिवसभर उन्हात तापलेल्या पत्र्याखालच्या पेटीत, तो पाऊण तास टिकला हेच नवल. पाण्याच्या मोटारी आणि रिक्षांचे चार्जर एकमेकांना माहीतही नसताना एकाच दोरीने पाणी शेंदत होते.

रस्त्यावर काय चाललं होतं

एवढं कळल्यावर चौदा-सहा-चारचं आठ-आठ-आठ करून, जळकी केबल बदलून बिल लावावं, असंच मनात होतं. फेज सारखे करायला अर्धा दिवस लागला आणि तेवढ्यानेच निम्मा प्रश्न सुटला. पण त्या तीन संध्याकाळी दाराशी उभं राहून जे बघितलं, त्याने काम वाढवलं.

सव्वासातपासूनच गल्लीत रिक्षा जमायला लागायच्या. खरं तर साडेपाच ते साडेआठ हा भाड्याचा वेळ. नवी पेठ, पार्क चौक, सात रस्ता, सगळीकडे सवाऱ्या उभ्या. तरी ही मंडळी धंदा सोडून परत येत होती, कारण दाराजवळचे चार सॉकेट 'चांगले' म्हणून प्रसिद्ध होते. ते निळ्या फेजवरचे, भार कमी, व्होल्टेज बरं. तिथे लावलेली गाडी पहाटे नक्की भरलेली मिळायची. मागच्या भिंतीचा भरवसा नव्हता. म्हणजे कोणी तरी कधी तरी हात पोचेल तिथून तार जोडली, आणि त्यामुळे चोवीस माणसं ऐन धंद्याच्या वेळी शहरभरातून एका गल्लीत धावत येत होती. गल्ली पंधरा-सोळा फुटांची. रिक्षा दोन्ही बाजूंना, मध्ये यार्डातून सुटलेले टेम्पो. डिसेंबर-जानेवारीत कांद्याची आवक चढली की हैदराबाद रोडवर ट्रकची रांग लागते, तेव्हा तर या गल्लीतून सायकल काढणंही मुश्कील. वाहतूक आणि वीज या दोन वेगळ्या खात्यांच्या भानगडी आहेत असं आपण धरून चालतो. त्या दाराशी दोन्हीचं टोक एकाच सॉकेटमध्ये होतं.

मग वेळापत्रक बनवायला बसलो. पहिलं मी एकट्याने, वीजवाल्याच्या डोक्याने बनवलं आणि ते चार दिवसांत फसलं. आठ-आठ गाड्यांच्या तीन पाळ्या: नऊ ते सव्वाबारा, सव्वाबारा ते साडेतीन, साडेतीन ते पावणेसात. भार कायम १६ किलोवॅट, कागदावर आरशासारखा सपाट. पण सव्वाबाराला उठून प्लग कोण बदलणार? रिक्षावाला घरी झोपलेला, राखणदार एकटा. आणि तिसऱ्या पाळीची गाडी पावणेसातला तयार होते, तोवर स्टेशनवरचा सकाळचा धंदा संपलेला असतो. सोलापूरची रिक्षा रेल्वेगाड्यांच्या वेळेवर चालते. मुंबईची वंदे भारत सकाळी सहाच्या सुमाराला सुटते, पुण्याची हुतात्मा साडेसहाला. या दोन गाड्यांची सवारी घ्यायची तर पावणेपाचला रिक्षा दाराबाहेर हवी. उलट रात्री दहा ते अकरा: हुतात्मा परत येते, वंदे भारत परत येते, सिद्धेश्वर एक्स्प्रेसला जाणारे लोक स्टेशनकडे निघतात. या वेळेचा धंदा करणारा अकराच्या आत शेडमध्ये येऊच शकत नाही.

दुसरं वेळापत्रक मामांच्या वहीवरून, आणि चहाच्या टपरीवर आठ-दहा जणांना विचारून केलं. गाड्या कोणत्या भिंतीला लावायच्या हे सॉकेटवरून न ठरवता उद्या सकाळी तू कुठे जाणार यावरून ठरलं. पहाटेच्या गाड्यांचे आठ जण पहिल्या गटात: रात्री दहा ते सव्वा. शाळेची पोरं सोडणारे दुसऱ्या गटात: साडेबारा ते पावणेचार. रात्रीचं स्टेशन करणारे, जे सकाळी साडेआठनंतरच सिव्हिल हॉस्पिटल, कोर्ट, कचेऱ्यांच्या भाड्याला निघतात, ते तिसऱ्यात: दोन ते सव्वापाच. गट एकमेकांवर थोडे चढतात, पण सोळापेक्षा जास्त गाड्या एका वेळी कधीच चालू नसतात. म्हणजे ४८ ऐवजी जास्तीत जास्त ३२ किलोवॅट, तेही मध्यरात्रीनंतर, जेव्हा डीपीवर पंखे आणि फ्रिज यांच्यापलीकडे फारसं काही नसतं. प्रत्येक गटाचे आठ सॉकेट तिन्ही फेजवर तीन-तीन-दोन असे वाटले. प्लग बदलायचा प्रश्न तीन कॉन्टॅक्टर (मोठा भार जोडणारे-तोडणारे विजेवरचे स्विच) आणि तीन टाइम स्विच लावून मिटवला. रस्त्यावरचे दिवे लावायला-विझवायला वापरतात तसलाच माल, नवीन काही नाही.

मोठ्या शहरांतल्या चार्जिंग स्टेशनवर हेच काम सॉफ्टवेअर करतं. चार्जर सर्व्हरशी बोलतो, सर्व्हर भार बघून करंट कमी-जास्त करतो. मला त्याचं वावडं नाही. बस डेपोला तर ते हवंच. पण सोळा अँपिअरचं सॉकेट कोणाशी बोलत नाही, आणि बहुतेक रिक्षा अशाच सॉकेटला लागलेल्या असतात.

एक अडचण मात्र माझ्या डोक्यातच आली नव्हती. रिक्षावाला आठला येतो, प्लग लावतो, आणि चार्जरचा दिवा लागत नाही. दहाला लागेल, असं सांगून त्याचं समाधान होत नाही. दिवा लागल्याशिवाय तो घरी जाईना. पहिल्या रात्री नऊ जण दहा वाजेपर्यंत शेडमध्ये बिड्या ओढत बसले. मग टाइम स्विचमध्ये आणखी एक सोय घातली: साडेआठ, पावणेनऊ, नऊ, एकेका गटाला पाच-पाच मिनिटं वीज. शेवटच्या गटाला सव्वाअकराला पुन्हा. दिवा लागलेला बघायचा, गाडीवर थाप मारायची आणि घरी जायचं. त्या पाच मिनिटांत जेमतेम दीडशे-पावणेदोनशे वॉट-तास भरतात. विजेच्या दृष्टीने नगण्य, पण त्याशिवाय ही व्यवस्था आठवडाभरही टिकली नसती.

दुपारचा डाव

माझा मूळ आग्रह दुपारचा होता. चैत्र-वैशाखात आपल्याकडे बेचाळीस-त्रेचाळीसचं ऊन असतं. एक ते चार रस्त्यावर कुत्रं दिसत नाही. रिक्षा सावलीत उभी, माणूस झोपलेला. नेमकी तेव्हाच सौर वीज भरपूर असते. केंद्र सरकारच्या सप्टेंबर २०२४ च्या मार्गदर्शक सूचनांत सार्वजनिक चार्जिंगच्या विजेसाठी सकाळी ९ ते दुपारी ४ दर सरासरी पुरवठा खर्चाच्या ०.७ पट आणि उरलेल्या वेळेत १.३ पट अशी आखणी आहे. जवळजवळ दुपटीचा फरक. घरगुती ग्राहकांनाही स्मार्ट मीटरवर १ जुलै २०२५ पासून दिवसा ९ ते ५ या वेळेत युनिटमागे ८० पैसे ते १ रुपया सवलत जाहीर झाली. धोरण स्पष्ट आहे: दिवसा भरा.

पण अण्णांच्या शेडमध्ये गाडीमागे रोजची रक्कम ठरलेली. दुपारी लावा की रात्री, रिक्षावाल्याला तेवढेच पैसे. दिल्लीत ठरलेला दरातला फरक अण्णांच्या बिलापर्यंत येऊन थांबत होता. दुपारी दीड तास लावणाऱ्याला त्या दिवशी दहा रुपये कमी, असं अण्णांकडून कबूल करून घेतलं. दीड तासात ३ युनिट, युनिटला दहा-बारा किलोमीटर धरले तर तीस-पस्तीस किलोमीटरची सोय. संध्याकाळी बॅटरीच्या काळजीने लवकर परतायचं कारण उरत नाही.

फेब्रुवारीत हे छान चाललं. एप्रिलमध्ये अडलं. उन्हातून आलेली गाडी तापलेल्या पत्र्याखाली लावली की बॅटरीतली यंत्रणा चार्जिंगच बंद करायची. लिथियमच्या बॅटरीचं तापमान ४५ अंशांच्या वर गेलं की ती भरून घेत नाही, आणि बरोबरच करते. पत्र्याला बाहेरून चुना मारला, आल्या आल्या अर्धा तास कडुलिंबाखाली उभी करायचा नियम केला. तरी एप्रिल-मेमध्ये दुपारी लावणारे निम्म्यावर आले. दुपारचं चार्जिंग हा सोलापुरात नऊ महिन्यांचा उपाय आहे, असं मी आता सांगतो. उरलेल्या तीन महिन्यांसाठी सावली आधी आणि सॉकेट नंतर.

याच तीन महिन्यांत डीपीचेही हाल असतात. ट्रान्सफॉर्मरच्या आतलं इन्सुलेशन मर्यादेच्या वर दर सहा अंशाला दुप्पट वेगाने म्हातारं होतं. सूर्य मावळला तरी तेल गरमच राहतं, आणि आपण संध्याकाळी त्याच्यावर कूलर, मोटारी आणि चार्जर एकदम टाकतो. २०० केव्हीएचा डीपी फेजमागे जेमतेम २६६ अँपिअर देतो. त्यातले १४३ एकट्या शेडने एका फेजवर खायचे, बाकी शंभर घरांनी उरलेल्यात भागवायचं, असा हिशेब चालला होता.

गंमत अशी की विजेच्या नकाशावर सोलापूर अगदी मोक्याच्या जागी आहे. ३१ डिसेंबर २०१३ ला रायचूर-सोलापूर ही ७६५ किलोव्होल्टची लाईन जोडली गेली आणि दक्षिणेचं ग्रिड उर्वरित देशाशी एका लयीत आलं. शहराच्या कुशीत, होटगीजवळ, एनटीपीसीचा १३२० मेगावॉटचा प्रकल्प आहे. एवढं असून गल्लीतल्या रिक्षाला रात्री पावणेनऊला वीज पुरत नाही. उजनीत ११७ टीएमसी मावतं आणि नळाला मात्र चार-पाच दिवसांनी पाणी येतं, ते ज्याने अनुभवलंय त्याला यात नवल वाटणार नाही. शेवटच्या नळीची जाडी किती, आणि सगळ्या तोट्या एकदम उघडतात का, हे दोनच प्रश्न आहेत.

पुढे

त्यानंतर आलेल्या पाण्याच्या एकाही संध्याकाळी ब्रेकर पडलेला नाही. पाणी सुटलं की व्होल्टेज अजूनही पडतं, पण २०८-२१० पर्यंतच. त्या वेळी शेड जवळपास बंद असते. सगळे सॉकेट सारखे झाल्यावर सव्वासातची रांग आपोआप मोडली. आठनंतर एकेक जण येतो. दोघे-तिघे अजून लवकर येतात, सवय म्हणून.

सिद्धेश्वराच्या गड्ड्याच्या यात्रेत मात्र वेळापत्रकाची चांगलीच दमछाक झाली. संक्रांतीच्या दिवसांत हिरेहब्बू वाड्यातून सात नंदीध्वज निघतात तेव्हा जुन्या शहरातले रस्ते बंद, होम मैदानाच्या बाजूला माणसांचा पूर, आणि रिक्षाचा धंदा मध्यरात्रीपर्यंत. पहिल्या गटातले लोकही बाराच्या पुढे परतायला लागले, आणि त्यांची पाळी सव्वाला संपायची. तेव्हा त्या चार दिवसांसाठी पहिला आणि तिसरा गट अदलाबदल करून घेतला. ते त्यांचं त्यांनी ठरवलं, मला नंतर कळलं.

अण्णांना आता दाराशी ३० किलोवॅटचा फास्ट चार्जर हवा आहे. पुणे-हैदराबाद हायवेवरच्या मोटारी आत येतील असं त्यांना वाटतं. मी हिशेब दाखवला: ती एक मोटार म्हणजे पंधरा रिक्षा, आणि ती मोटार पाण्याच्या संध्याकाळी आली तर तिला थांब म्हणणारं कोणी नाही. त्यासाठी वेगळा डीपी लागेल, अर्ज करा, तोवर नको. ते "बघू" म्हणाले. सहा रिक्षा मात्र वाढणार आहेत. त्या पहाटेच्या धंद्याच्या नाहीत, म्हणून दुसऱ्या गटात दोन आणि तिसऱ्यात चार अशी सोय काढली आहे. दोन्ही गट एकत्र चालतात तेव्हा बावीस गाड्या होतात, म्हणजे ४४ किलोवॅट. ते रात्री दोन ते पावणेचार. त्या वेळी टाँग टेस्टर लावून एक रात्र तिथे काढायची आहे.

शेडच्या दाराजवळ काळा फळा आहे. तिन्ही गटांच्या वेळा त्यावर ऑइलपेंटने रंगवून घेतल्यात. खाली कोपऱ्यात 'पाणी' अशी एक चौकट आहे. तिथली तारीख मामा खडूने लिहितात.